डन काऊच्या छतातली झडप

ठोकू नका. अहो साहेब, ठोकू नका म्हणतोय ना! खांब आहे तो, दार नाही, आतून कोणी ओ देणार नाही. ती हातोडी आधी खिशात घाला. हो, काउंटीचं पत्र आहे तुमच्याकडे, नाही कुठे म्हणतोय मी — दाखवलंत, वाचलं, 'जुन्या व जतन करण्याजोग्या इमारतींची यादी', शिक्कासुद्धा झकास आहे — पण पत्रात ठोकाठोकीचं अक्षर नाही. बघायला आलोय म्हणालात ना? मग बघा. डोळ्यांनी बघा. नाही, चहा नाही. सायडर, आमची सफरचंदाची दारू, तीही नाही. अकराच्या आत दिली तर माझं लायसन जाईल, आणि अकरानंतरही तुम्हाला देईनच असं काही नाही.

तुम्हाला इथे धाडलं कुणी ते मला माहीत आहे. मिस ऑर्मरॉड. ती चर्चपलीकडची, कुत्र्याला स्वेटर घालणारी. तिनेच अर्ज केला, बरोबर? 'डन काऊ वाचवा' — कमिटी आहे म्हणे त्यांची. आता ही बाई माझ्या पबमध्ये येते किती वेळा? वर्षातून दोनदा. ईस्टरला एकदा, नाताळला एकदा. अर्धा ग्लास शँडी घेते, निम्मी बिअर निम्मं लिंबूपाणी, आणि दीड तास पुरवते. तिला पुळका आलाय. गावाचा आत्मा आहे म्हणते डन काऊ. असेल बाई! आत्म्याचं बरं असतं, त्याला जिना लागत नाही. मी इथेच जन्मलो, सहासष्ट वर्षं झाली, माझा बाप इथेच गल्ल्यावर उभा राहून म्हातारा झाला — मला कुणी विचारलं का, अँब्रोज प्रॉसर, बाबा रे, तुला हे घर वाचवायचंय का? बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीला विचारलं, जागा त्यांची म्हणून, तुम्हाला विचारलं, तिकडे लंडनला पत्र टाकलं. मला नाही विचारलं. कारण मी काय उत्तर देईन ते तिला पक्कं ठाऊक आहे.

पाडा. हे माझं उत्तर. उद्या पाडताय? मी आज सामान बांधतो.

तोंड असं करू नका. तुम्हाला वाटतंय म्हातारा चिडलाय म्हणून बोलतोय. बरं, मग चिडून नाही, शांतपणे सांगतो, तुम्ही वहीत लिहून घ्या. बाहेरच्या पाटीवर '१५०४' बघितलंत ना येताना? ते साल कुठून आलं माहीत आहे? पाटी रंगवायला वेल्सकडून एक गडी आला होता, त्याला चारचा आकडा सुबक जमायचा. बाप म्हणाला, काढ मग. झालं. आणि तो पळपुटा राजा, वरच्या खोलीत एक रात्र लपला होता तो? तीही बापाचीच थाप. मोटारीतून माणसं यायला लागली, त्यांना राजा पाहिजे असतो. गुलाबी झग्यातली भुताटकी माझ्या आईची — पाहुणे रात्री उठून फडताळातलं चीज खायचे म्हणून तिने ती काढली. या भिंतीवरच्या पितळी चकत्या घोड्यांच्या आहेत ना? यातली एकही कधी घोड्याला लागलेली नाही. टपालाने आल्या, डझनाच्या भावात. खोटं आहे हो सगळं, साहेब! लिहा. का लिहीत नाही?

तुळया? तुळयांची तर मजाच सांगतो. आत्ता तुम्ही ठोकलंत ती पोकळ वाजली, तुमचा चेहरा पडला, मी बघितलं. ट्रॅक्टरच्या खोक्याच्या फळ्या आहेत त्या. तीन फळ्या जोडायच्या, आत हवा, वरून डांबर. त्रेपन्न साली राणीला मुकुट चढला, तेव्हा आमच्या बापाला वाटलं की आता नवा जमाना आला — त्याने काय करावं? खऱ्या ओकच्या तुळया होत्या वर, वाकड्यातिकड्या, माझं डोकं रोज आपटायचं त्यांच्यावर — त्यांच्या खाली पांढऱ्या पुठ्ठ्याचं सपाट छत ठोकून टाकलं. काय गुळगुळीत दिसायचं! दवाखान्यासारखं. मग पाच-सात वर्षांत हवा फिरली. माणसं मोटारीतून उतरायची, आत डोकावायची, म्हणायची, छे, इथे काही जुनं नाही, आणि पुढच्या गावाला जायची. मग बापाने त्या पांढऱ्या छताला खालून खोक्याच्या फळ्या ठोकल्या. खऱ्या तुळयांच्या खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या खाली खोट्या तुळया. आता बोला! बरं, पुठ्ठा उचकटून टाकायचा, वरचं खरं उघडं करायचं — हे साधं त्याच्या डोक्यात आलं नाही का? आलं होतं. मीच म्हणालो होतो. तर म्हणाला, अरे, त्या खऱ्या तुळया जुन्या दिसत नाहीत.

हसू नका. बाप आहे तो माझा. मी हसलो तर चालतं.

तर हे असं आहे. समोरची भिंत विटांची, माझ्या पणज्याच्या काळातली, त्यात तुम्हाला रस नाही हे तुमच्या तोंडावरच दिसतंय. बाजूची भिंत कुडाची, हात लावला की भुगा पडतो. तळघरात दर हिवाळ्यात ओढ्याचं पाणी येतं, मी गमबूट घालून बिअरची पिंपं बदलतो. फरशी प्रत्येक दाराला एक पायरी चढते नाहीतर उतरते, तुम्ही आत्ताच दोनदा ठेचकाळलात. मुख्य म्हणजे जुनं काही नाही. असलं तर बापाने झाकलं, झाकलं नाही ते आजोबाने जाळलं. एवढं लिहा, खाली सही करा, चार वाजताची बस आहे... मोटार आहे? मग उत्तमच.

काय? कुठे? तो कोपरा? ते — काही नाही ते. तेवढ्याला पुठ्ठा पुरला नाही. हो, चौकोन आहे. मग? घरात चौकोन नसतात? ... खुंट्या आहेत त्या, ओकच्या, चार. दृष्टी मात्र चांगली आहे हं तुमची. मिस ऑर्मरॉड चाळीस वर्षं त्याच्याच खाली बसते, तिला दिसला नाही. मोजा, मोजा, टेप काढलीच आहे तर. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद. मीच सांगतो ना. आता तुम्हीच सांगा, साडेसहा बाय अडीच म्हणजे काय? ... हं. टेप गुंडाळलीत ना.

जिना बघितलात ना, धुराड्याला वळसा घालून गेलाय तो? मी आडवा होऊन चढतो. जिवंत माणूस कसाबसा पाय दुमडून, खांदा वळवून जातो. मेलेलं माणूस खांदा वळवत नाही. म्हणून ज्यांनी घर बांधलं त्यांनी ही झडप ठेवली. चार खुंट्या उपटायच्या, मधलं लाकूड बाजूला घ्यायचं, फळ्या उचलायच्या, की वरून शवपेटी दोरावर सोडता येते. इथल्या प्रत्येक जुन्या घराला असते हो, लोक सांगत नाहीत इतकंच. माझा बाप इथूनच उतरला. त्रेसष्टचा हिवाळा, बर्फाने गाव बंद, खाली दहा-बारा माणसं अडकलेली, पीत बसलेली. मी वरून हाक मारली. त्यांनी ग्लास रिकामे केले, टेबल भिंतीला लावलं आणि हात वर करून उभे राहिले. पायाकडची बाजू जो पहिल्यांदा धरतो त्याला बिअरचा पहिला पाइंट फुकट, ही इथली रीत आहे. बापाला जेबेझ गिटिन्सने धरलं होतं. पेटी शेकोटीसमोर ठेवली, टोप्या काढल्या, मग पुन्हा पीत बसले. जाणार कुठे, बाहेर बर्फ होतं. पाच वर्षं आधी आई. तिची पेटी खाली येताना थोडी झुकली, आणि डार्ट्स खेळणारा एक जण म्हणाला, सावकाश, मालकीणबाई. मला अजून आठवतं, त्याचा राग नाही आला, बरं वाटलं.

लिहा आता हे. हे लिहाल, मला माहीत होतं! तुमचा हात कसा भराभर चालायला लागला. माणसं उतरली ती तुम्हाला दिसत नाहीत, खुंट्या दिसतात.

नाही. वर जाता येणार नाही. ... पत्रात असू दे. छपराची लाकडं बघायची असतील तर बाहेर रस्त्यावर उभे राहा आणि मान वर करा. वर नाही म्हणजे नाही! माळ्यावर जायची वाट आमच्या खोलीतूनच आहे आणि खोलीत माझी बायको झोपली आहे. ... दुपारी? दुपारीही झोपलेली असेल. उद्याही असेल. चार वर्षं झाली ती तिथेच आहे, साहेब. मार्चमध्ये चार झाली. अर्धं अंग गेलंय. आता समजलं का म्हणालो ते, ठोकू नका म्हणून? इथे खांबाला बोट लावलं तरी तिच्या पलंगाला कळतं.

वाईट वगैरे वाटून घेऊ नका, मला त्याचा उपयोग नाही. प्रश्न विचारा हवं तर. सगळे विचारतात — मग तिला खाली का नाही आणत? दोन वेळा प्रयत्न केला. ॲम्ब्युलन्सवाले आले, धट्टीकट्टी पोरं, स्ट्रेचर वळणावर अडकलं. म्हणाले, पट्ट्यांनी बांधून उभी करून नेऊ. उभी केली. अर्ध्या वळणात ती रडायला लागली — ऑल्वेन रडणारी बाई नव्हे, वेल्सची आहे, शिव्या देते — मी म्हटलं, परत न्या. खिडकीतून नेऊ म्हणाले. ती म्हणाली, खिडकीतून गादी टाकतात. आणि आणली तरी ठेवू कुठे? खाली सगळा बारच आहे. पिंपांशेजारी खाट टाकू? दर दाराला पायरी, खुर्ची चाकाची असून उपयोग काय?

मग ब्रुअरीचा माणूस आला, दोन वर्षांपूर्वी. त्याला हातोडी नव्हती, साहेब. तो वर गेला, टोपी काढली, तिच्या पलंगाशी बसला आणि तिला कागद दाखवला. नवं डन काऊ. रस्त्याला लागून, बैठं. मागच्या बाजूला दोन खोल्या आम्हाला, जमिनीसपाट, दाराला उंबरठाच नाही, खिडक्या अशा खालपर्यंत. पण एकाच जागी दोन घरं मावत नाहीत, हे पाडलं तरच ते होणार. तो कागद तिने भिंतीला टाचून घेतलाय. चांगल्या हाताने पेन्सिलीच्या खुणा केल्यात त्यावर — इथे जिरेनियमच्या कुंड्या, इथे तिची खुर्ची, म्हणजे गिरणीच्या वाटेवर कोण जातंय-येतंय ते दिसेल. चार वर्षं तिने रस्त्यावरचं माणूस बघितलेलं नाही, फक्त खालून आवाज ऐकते. आवाजावरून ओळखते कोण हरलं, कोण जिंकलं. मला म्हणते, मला एकदा हरणाऱ्याचं तोंड बघायचंय.

आणि तुम्ही यादीत नाव घातलंत की झालं. मला सांगू नका, माहीत आहे सगळं! हा जेबेझ, गिरणीत राहतो, त्याची गिरणी आहे यादीत. पायाने अधू झाला, दाराची पायरी काढून उतार करून द्या म्हणाला. अडीच वर्षं कागद फिरले. शेवटी उत्तर काय आलं? पायरीचा दगड मूळचा आहे. हा माणूस आता मागच्या खिडकीतून स्वतःच्या घरात शिरतो. आमचा जिना मूळचा, उंबरठे मूळचे. ब्रुअरी म्हणेल, बरं, राहू द्या, आणि कागद गुंडाळून जाईल. म्हणून म्हणतो, लिहा — जुनं काही नाही. एक ओळ लिहायला काय जातं तुमचं? एक ओळ!

तिचं काय म्हणणं आहे ते सांगू? आजारी पडली तेव्हा पलंग त्या झडपेवरच होता. डावीकडचे दोन पाय बरोबर फळ्यांवर. महिनाभर बोलली नाही, मग एक दिवस म्हणाली, अँब्रोज, पलंग सरकव. म्हटलं, का गं? म्हणाली, मला त्या भोकातून खाली जायचं नाही. सरकवला. आता उजवीकडे ठेवलाय, अगदी आढ्याखाली, पण तिथे दुसरीच पीडा. वरच्या फळ्यांना फटी आहेत, वारा सुटला की काजळी पडते. पांढऱ्या गोधडीवर काळे ठिपके. रोज सकाळी मी पंख घेऊन झाडतो, मग तिच्या कपाळावरची पुसतो. ती म्हणते, आज किती? मी म्हणतो, आज तू कोळसेवाली दिसत्येस. काय घाण आहे हो! एकदा वर चढून बघितलं तर वाशांवर बोटभर थर, एकेका खुंटीवर, कौलांखालच्या काड्यांवरसुद्धा, चकचकीत, काळीकुळकुळीत. आणि गंमत म्हणजे धुराडं तिकडे, त्या टोकाला. इथे मधोमध एवढी काजळी यायचं कारणच काय? लहानपणी आजोबाला विचारलं होतं, त्यालाही माहीत नव्हतं. बघा, असलं हे घर —

काय झालं?

लिहायचं का थांबलात? ... मधोमध, हो. सगळ्या वाशांवर, हो, म्हणजे जेवढे दिसले तेवढ्यांवर. ... का विचारताय? ... नाही, मी नक्की नाही सांगू शकत, अंधार होता, काजळी नसेलही, कोळिष्टकं असतील — अहो, मी म्हातारा माणूस, काहीही बोलतो! ... धुराड्याच्या आधीची? म्हणजे काय, धुराड्याच्या आधी? घराला धुराडं नव्हतं? मग विस्तव कुठे? ... इथे. इथे, जमिनीवर, मधोमध. आणि धूर छपरातून वाट काढायचा. ... पाचशे? पाचशेच्याही वर? म्हणजे माझ्या बापाने जे साल थाप मारून लिहिलं —

त्या म्हाताऱ्याला कळलं असतं तर नाचला असता.

थांबा. थांबा हं, साहेब, लिहू नका. काजळी पुसता येते. मी पुसतो. सोडा टाकून, घासून काढतो, दोन दिवस द्या मला — नाही, एक द्या, उद्या या, उद्या तुम्हाला एक ठिपका दिसणार नाही. मी बोललोच नाही असं समजा. तुम्ही काही बघितलंय का? नाही. नुसतं ऐकलंय. एका चिडक्या माणसाचं ऐकलंय. ... मान हलवू नका अशी. काय हो, सकाळपासून मी तुम्हाला एक-एक वस्तू खोटी आहे म्हणून दाखवली, पाटी, राजा, भुताटकी, तुळया, आणि या घरातली एकुलती एक खरी गोष्ट मीच हातात आणून दिली? तिच्या गोधडीवरून झाडून! माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मग वरचा मजला? तो कधीचा? ... तोही नंतरचा? म्हणजे आधी वर कुणी राहतच नव्हतं? सगळे इथे खाली, विस्तवाभोवती, म्हातारेकोतारे, आजारी, सगळे? जमिनीसपाट? ... मग करा ना तसंच! जुनं जपायचंय ना तुम्हाला? मग काढून टाका तो मजला, जिना काढा, आणि तिला इथे मधोमध आणून ठेवा, पाचशे वर्षांपूर्वी ठेवली असती तशी! नाही चालत? का नाही चालत? मजलाही जुना झालाय आता. हो ना. बसून बसून तोही मूळचा झाला. चार वर्षं झोपून तीही मूळचीच झाली असेल, तिलाही घाला यादीत.

नाही, ओरडत नाहीये मी.

बरं. मग वर जा. आता जा. काजळी बघायचीय ना स्वतःच्या डोळ्यांनी, जा की. ती जागी आहे, तुमच्या ठोकण्याने मघाशीच जागी झालीय. नाव ऑल्वेन. उजव्या कानाने ऐकू कमी येतं, डावीकडे उभे राहा आणि हळू बोला. तिला सांगा, बाई, तुमचं घर फार मोलाचं निघालं. सांगा, अभिनंदन. आणि भिंतीवर तो कागद आहे, चार टाचण्या आहेत, तो उतरवा आणि मला आणून द्या. मी नाही सांगणार तिला. मी गेली एकोणचाळीस वर्षं तिला खोटं सांगितलेलं नाही आणि हे खरं माझ्याच्याने सांगवणार नाही. तुमचं काम आहे, तुम्ही करा. जा. उभे का राहिलात? जिना तिकडे. ... जा म्हणतोय ना.

नाही जमत?

मग वही उचला आणि निघा. मला पिंप बदलायचंय.